झोपडी आणि वड

आमच्या प्राचीन राजनीतिशास्त्रकारांनीं राजाच्या परराष्ट्रव्यवहाराचे सहा प्रकार कल्पिले आहेत: संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. तह करणें, भांडणें, स्वस्थ बसणें, चालून जाणें, बलवंताच्या आश्रयास जाणें आणि एकाशीं तह ठेवून दुसऱ्याशीं लढणें, असा त्यांचा ढोबळ अर्थ. कौटिल्यानें अर्थशास्त्राचें सातवें अधिकरण याच सहा गुणांस वाहिलें आहे. मतपेटी ही वस्तु त्याच्या स्वप्नींही नव्हती; तरी निवडणूक लढविणाऱ्या पक्षापुढें जे मार्ग असतात, ते या सहांच्या पलीकडे जात नाहींत. एकाच पक्षानें वीस वर्षांच्या आंत हे सहाही मार्ग चोखाळून पाहिल्याचें उदाहरण मात्र विरळा. तें आपल्या देशांत समाजवाद्यांनीं घालून दिलें; आणि त्याचा बराचसा इतिहास मी ग्रंथांत वाचण्यापूर्वी आमच्या घरच्या ओसरीवर ऐकला.

माझे वडील झोपडीचे आणि मामा वडाचे. हल्लींच्या वाचकांस याचा उलगडा करून सांगावयास पाहिजे. १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत समाजवादी पक्षाचें चिन्ह वटवृक्ष होतें व आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाचें झोपडी. त्याच वर्षी दोन्ही पक्ष एक होऊन प्रजासमाजवादी पक्ष झाला, व त्यानें झोपडी घेतली. पुढें पक्ष फुटला, जुळला आणि १९६५ सालीं वाराणसीस पुन्हां फुटला. तेव्हां प्रजासमाजवाद्यांकडे झोपडी राहिली आणि संयुक्त समाजवाद्यांकडे वड गेला. नानासाहेब गोरे झोपडींत राहिले, एसेम जोशी वडाखालीं गेले. ज्या दोघांनीं नाशिकच्या तुरुंगांत तारुण्याचे दिवस एकत्र काढले व ज्यांचा स्नेह शेवटपर्यंत अभंग राहिला, ते दोघे दोन पक्षांत, हें पुण्यास कांहींसें चमत्कारिकच वाटे. आमच्या घरांत तसाच प्रकार. फरक इतकाच कीं, आमचे दोघे गप्प बसत नसत.

"भावोजी," मामा म्हणत, "काँग्रेसला शेंकडा पंचेचाळीस मतें पडतात आणि जागा मिळतात शेंकडा चौऱ्याहत्तर. उरलेलीं पंचावन्न आपण पांच जणांत वाटून घेतों. हें गणित तुम्हांला दिसत नाहीं कां?"

"गणित दिसतें," वडील उत्तर देत, "पण तुमचे डॉक्टर आज ज्याच्या गळ्यांत गळा घालावयास सांगतात, त्याला कालपर्यंत आपण काय म्हणत होतों, तें मतदारालाही आठवतें. उद्यां तो विचारील, तुमच्यांत आणि त्यांच्यांत भेद कोणता? मग काय सांगाल?"

डॉक्टर म्हणजे अर्थात् राममनोहर लोहिया. मी त्या वेळीं मराठी शाळेंतला पोर. मला त्यांतलें कळत नसे, पण आवाज चढले कीं मजा वाटे. एकदां आई चहाचे कप उचलतांना सहज म्हणाली, "तुम्हां दोघांच्या पक्षांना मिळून आपल्या आळींत किती मतें पडलीं, तें आधीं कोणीतरी सांगा." त्यावर दोघेही एकदम हंसले, आणि उत्तर कोणींच दिलें नाहीं. पुढें या विषयावर जें कांहीं वाचलें, त्यांत आईच्या या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची मला खोड लागली.

मामांचे आंकडे बरोबर होते. १९५२ सालीं लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं काँग्रेसला ३६४ मिळाल्या, आणि मतें शेंकडा ४५. समाजवादी पक्षास एक कोटि बारा लाखांच्या आसपास मतें पडलीं, शेंकडा १०.६. मतांच्या हिशेबानें देशांतला दुसरा पक्ष! पण जागा अवघ्या १२. याच निवडणुकींत कम्युनिस्टांना समाजवाद्यांच्या एकतृतीयांशाहूनही कमी, म्हणजे शेंकडा ३.३ मतें मिळालीं, आणि जागा १६. ही विसंगति ओसरीवर अनेकदां निघे व मतमोजणीच्या पद्धतीस दोष देऊन संपे. माझ्या मतें तिचें कारण निराळ्याच आंकड्यांत आहे. समाजवाद्यांनीं २५४ उमेदवार उभे केले होते, कम्युनिस्टांनीं ४९. आपल्याकडे ज्या जागीं ज्यास सर्वांहून अधिक मतें, तो निवडून येतो. दुसरा आला काय आणि सातवा आला काय, हिशेब एकच. अशा पद्धतींत चिमूटभर मीठ साऱ्या गांवच्या विहिरींत टाकण्यानें कोणाच्याच आमटीस चव येत नाहीं. स्वातंत्र्ययुद्धांत गाजलेलीं नांवें, बेचाळीसचें तेज, विद्वत्ता, त्याग, सगळें होतें. म्हणून सर्वत्र उभे राहण्याचा मोह पडला, व तो मनुष्यस्वभावास धरूनच होता.

पराभवानंतर मात्र पक्षांत प्रश्न निघाला तो असा: आतां कोणाबरोबर जावें? येथून पुढचीं वीस वर्षें हा प्रश्न पक्षाच्या मानगुटीवरून उतरला नाहीं.

१९५३ च्या आरंभीं पंडित नेहरूंनीं जयप्रकाशांस सहकार्यासाठीं बोलावलें. जयप्रकाशांनीं चौदा कलमांचा कार्यक्रम पुढें ठेवला, बोलणीं फिसकटलीं. त्याच वर्षी जूनमध्यें बैतूलच्या अधिवेशनांत अशोक मेहतांनीं मांडणी केली कीं, मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या कांहीं राजकीय अपरिहार्यता असतात. जेथें भांडवल थोडें आणि दारिद्र्य अफाट, तेथें विरोधी पक्षानें केवळ विरोध करीत न बसतां सत्ताधारी पक्षाशीं मतैक्याचीं क्षेत्रें शोधावीं. लोहियांचें म्हणणें याच्या नेमकें उलट: काँग्रेस व कम्युनिस्ट या दोहोंपासून समान अंतर राखावें. एक संश्रयाकडे झुकलेला, दुसरा आसन आणि विग्रह यांच्या मधला. दोघेही बुद्धिमान, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचेंही म्हणणें निबंध म्हणून वाचलें तर पटण्यासारखें. अशोक मेहतांची मांडणी त्या काळीं 'शरणागति' म्हणून हिणवली गेली. मला तो अन्याय वाटतो. त्यांना मिळालेली टीका त्यांच्या लेखाहून अधिक, त्यांच्या पुढच्या आयुष्याला, म्हणजे १९६४ सालीं ते काँग्रेसमध्यें गेले त्यास, उद्देशून असते.

तत्त्वाची परीक्षा लगेच पुढच्या वर्षी झाली. १९५४ सालीं त्रावणकोर-कोचीन राज्यांत प्रजासमाजवादी पक्षाचे अवघे १९ आमदार असतां काँग्रेसच्या पाठिंब्यानें पट्टम ताणु पिल्ले मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमध्यें तेथें तमिळ भाषिकांच्या आंदोलनावर पोलिसांनीं गोळीबार केला व माणसें मेलीं. लोहिया पक्षाचे सरचिटणीस असून त्या वेळीं उत्तर प्रदेशांत तुरुंगांत होते. तेथून त्यांनीं आपल्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. सरकार कोणाचेंही असो, निःशस्त्र लोकांवर गोळी झाडणाऱ्यानें पायउतार व्हावें. पक्षानें तें मानलें नाहीं. या प्रसंगाची गोष्ट निघाली कीं माझे वडीलसुद्धां, झोपडीचे असून, गप्प होत. पुढें काँग्रेसनें १९५५ सालीं आवडी येथें समाजवादी पद्धतीच्या समाजरचनेचा ठराव केला, त्याचें स्वागत करावें कीं नाहीं यावर पुन्हां जुंपली; मधु लिमये निलंबित झाले; आणि वर्षअखेर लोहियांनीं वेगळा समाजवादी पक्ष काढला. जयप्रकाश त्यापूर्वीच भूदानांत गेले होते, आचार्य नरेंद्र देव १९५६ च्या फेब्रुवारींत वारले. निवडणुकीच्या धोरणाचा वाद एवढीं माणसें खाऊन बसला, आणि पुढची निवडणूक अजून वर्षभर दूर होती.

महाराष्ट्रांत त्याच सुमारास निराळेंच घडत होतें. १९५६ च्या फेब्रुवारींत पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. एसेम तिचे सरचिटणीस. अखिल भारतीय पक्षाचें धोरण कम्युनिस्टांपासून दूर राहण्याचें असतां येथें प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवाखालीं आले. जनसंघ व हिंदुमहासभाही येऊन बसल्या. ठरावांत न बसणारी ही युति निवडणुकींत नुसती बसली नाहीं, धांवली. १९५७ सालीं पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडास निसटत्या मतांनीं वांचले. द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जणांच्या विधानसभेंत प्रजासमाजवाद्यांचे ३६ जण निवडून आले. नानासाहेब गोरे पुण्याहून लोकसभेंत गेले.

मामा याचाच दाखला नेहमीं देत. पण यांतली मेख त्यांनीं फारशी पाहिली नाहीं. समितींतले पक्ष एकमेकांस आवडत होते म्हणून एकत्र आले नाहींत. मुंबईसह महाराष्ट्र हवा ही मागणी लोकांच्या घराघरांत आधींच होती, १०५ हुतात्म्यांचें रक्त तिच्यामागें होतें, आणि पक्षांनीं एकत्र येऊं नये असें म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. युति लोकांनीं केली. पुढाऱ्यांनीं तिच्यावर सह्या केल्या. १९६० च्या १ मे रोजीं राज्य मिळालें, घटक पक्ष पांगले, आणि १९६२ सालीं २६४ जागांच्या विधानसभेंत काँग्रेसच्या २१५ व प्रजासमाजवाद्यांच्या ९. मोर्चे, सभा, सत्याग्रह, या पांच वर्षांत समितीचें नांव प्रत्येक गांवांत गेलें. पण झोपडीचें किती गांवांत गेलें? समितीच्या मांडवाचे खांब उपटले, तेव्हां खालीं आपलें घर बांधावयाचें राहून गेलें आहे, हें उघडें पडलें.

मित्राचीं मतें मित्रास मिळतात, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. १९५२ सालीं मुंबईंत समाजवादी पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांचा करार होता. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघांत डॉ. आंबेडकर राखीव जागेवर व अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर उभे होते. एवढी तोलामोलाची जोडी देशांत दुसरी नव्हती. दोघेही पडले, बाबासाहेब सुमारें चौदा हजार मतांनीं. हजारों मतपत्रिका बाद झाल्या व त्यावरून निवडणूक-अर्जही झाला. कारणें कांहींही असोत, दोन कार्यालयांत झालेला करार हजारों मतदारांच्या हातून जसाच्या तसा पेटींत उतरत नाहीं, हें तेव्हांच दिसून आलें होतें.

लोहियांचा बिगरकाँग्रेसवाद १९६३ नंतरचा. त्या वर्षी मे महिन्यांतल्या पोटनिवडणुकींत अमरोह्याहून कृपलानी, फर्रुखाबादेहून स्वतः लोहिया व राजकोटहून मिनू मसानी निवडून आले. विरोधी मतें एकत्र आलीं तर काय होतें, तें देशास दिसलें. ज्या लोहियांनीं दहा वर्षांपूर्वी समान अंतराचा आग्रह धरला, तेच आतां जनसंघापासून कम्युनिस्टांपर्यंत सर्वांशीं मेळ घाला म्हणूं लागले. वडिलांना यांत संधिसाधूपणा दिसे. मला तसें वाटत नाहीं. पंधरा वर्षें एकच पक्ष गादीवर राहिला कीं गादीलाच गंज चढतो, तो आधीं फोडावा, हा त्यांचा विचार होता. आणि नव्या सरकारांनीं ठराविक मुदतींत लोकांस दिसेल असें कांहीं करून दाखवावें, न परवडणाऱ्या शेतीचा सारा माफ करावा, अशी अटही ते घालीत. १९६७ सालीं काँग्रेसचें लोकसभेंतलें बळ २८३ वर आलें, अनेक राज्यांत संयुक्त विधायक दलाचीं सरकारें आलीं, एसेम पुण्याहून व मधु लिमये मुंगेरहून लोकसभेंत गेले, आणि जॉर्ज फर्नांडिसांनीं स. का. पाटलांस मुंबईंत पाडलें. त्या दिवशीं मामांनीं आळींत पेढे वाटले. वडिलांनीं पेढा घेतला. मतही त्यांनीं एसेमनांच दिलें होतें, पण हें मामांस कळलें तें फार पुढें.

ऑक्टोबरांत लोहिया वारले. बिहारमध्यें त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यानें बाहेर पडून सरकार पाडण्यास हातभार लावला व स्वतः मुख्यमंत्रिपद मिळविलें; उत्तर प्रदेशांतलें सरकारही वर्ष भरण्यापूर्वी गेलें. १९७१ सालीं संयुक्त समाजवादी बड्या आघाडींत सामील झाले, प्रजासमाजवादी त्यांत गेले नाहींत. निकाल? वडाला तीन जागा, झोपडीला दोन. मित्र करून तीन आणि न करतां दोन! वीस वर्षांच्या वादाचा उणे-अधिक हिशेब जणूं नियतीनेंच मांडून दाखविला.

झोपडीच्या त्या दोन जागांपैकीं एक कोंकणांतली, राजापूरची. आणि माझें सारें म्हणणें तिच्याभोंवतीं फिरतें. तेथून नाथ पै १९५७, १९६२ व १९६७ असे तीन वेळां निवडून आले. समितीची लाट होती तेव्हां आले, लाट ओसरून राज्यभर पक्ष नऊवर आला तेव्हांही आले. १९७१ च्या जानेवारींत ते अकालीं गेले. त्यांच्या जागीं मधु दंडवते उभे राहिले, आणि इंदिराबाईंच्या नांवानें देश वाहून जात असतां निवडून आले. मग १९७७, १९८०, १९८४, १९८९. १९८४ ची लाट तर पहिल्यांहून मोठी. पक्षाचें नांव बदललें, चिन्ह बदललें, मित्र आले नि गेले. राजापूर हललें नाहीं.

याचें रहस्य वक्तृत्वांत नव्हतें, यद्यपि नाथ पैंचें वक्तृत्व अलौकिक होतें. कोंकणांतला मनुष्य मुंबईस गिरणींत वा गोदींत राबे, आणि घर मनीऑर्डरीवर चाले. गांवांत सेवादलाची शाखा, शाळामास्तर, वाचनालय. मुंबईंत त्याच गांवची मंडळी व कामगार संघ. दोन टोंकांस एकच ओळखीचे चेहरे असत. रस्ता, बंदर, एस्टी, पाणी, आणि सर्वांत मोठें म्हणजे रेल्वे, या मागण्या वर्षानुवर्षें तीच माणसें करीत होतीं. १९७७ त दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९९० सालीं कोंकण रेल्वेचें महामंडळ स्थापन झालें तेव्हां ते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. मतदारानें एवढी वाट पाहिली, कारण मागणारा मध्येंच उठून गेला नव्हता.

कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें क्रमानें सांगितलीं आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. मित्र सातवा. शाळेंत हा क्रम मुलांकडून पाठ करून घेतांना मला नेहमीं ओसरी आठवे. आमच्या थोर मंडळींनीं वीस वर्षें सातव्या अंगावर खल केला, आणि तिसरें व चौथें ज्यांनीं सांभाळलें त्या राजापूरकरांवर एकाही अधिवेशनांत तसा खडाजंगीचा वाद झाल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. मित्र नको, असें मी म्हणत नाहीं. ज्याच्यापाशीं जनपद आहे, त्याला मित्र मिळतो. ज्याच्यापाशीं तें नाहीं, त्याला मिळतो तो धनी.

दुर्गाचीही डागडुजी करावी लागते, हें सांगितल्याशिवाय राजापूरची गोष्ट पुरी होत नाहीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, मनीऑर्डरीचा धागा विरला, आणि मुंबईंतल्या चाकरमान्यांच्या वस्त्यांत संध्याकाळीं शिवसेनेच्या शाखेवर गर्दी होऊं लागली. मामा एकदां लालबागेंत आपल्या स्नेह्याकडे जाऊन आले व वडिलांस म्हणाले, "आपल्या केंद्राला कुलूप होतें, भावोजी, किल्ली कोणाकडे असते, तेंही कोणाला ठाऊक नव्हतें." १९९१ सालीं दंडवते पराभूत झाले. १९९६ पासून तेथें शिवसेनेचे सुरेश प्रभू सलग चार वेळां निवडून आले. पराभव युति चुकल्यामुळें झाला कीं स्वतंत्र लढल्यामुळें, हा वाद तेव्हांही रंगला होता.

माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं अशाच विचारांच्या एका पक्षांत तालुक्याचें काम पाहतो. येत्या निवडणुकींत मोठ्या पक्षाशीं आघाडी करावी कीं स्वबळावर लढावें, यावर त्यांच्या पक्षाचें शिबिर आहे. तेथें मांडावयाच्या टिपणाचा मसुदा त्यानें मला भाषा तपासण्यासाठीं पाठविला. दोन्ही बाजू त्यानें चांगल्या मांडल्या होत्या. ऱ्हस्वदीर्घाच्या कांहीं चुका होत्या, त्या मीं सुधारल्या, आणि समासांत पेन्सिलीनें लिहिलें: 'तुमच्या तालुक्यांत अशीं गांवें किती, कीं जेथें मागल्या निवडणुकीपासून आजपर्यंत तुमचा मनुष्य दरमहा जातो? नांवें द्यावीं.' त्याचें उत्तर आलें. "गुरुजी, प्रश्न महत्त्वाचा आहे, पण शिबिर दोनच दिवसांचें असून विषयपत्रिका वरून ठरून आलेली आहे, तरी भोजनोत्तर गटचर्चेंत वेळ मिळाल्यास घेऊं." खालीं मात्र त्यानें आपल्या हातानें अकरा गांवांचीं नांवें लिहून, त्यांतल्या चारांपुढें प्रश्नचिन्ह केलें आहे.